प्रोजेक्टची फाईल कपाटात, गावचा संगणक वाऱ्यावर : ऑपरेटिंग सिस्टीमच्या गटप्रकल्पांतून गावाला काही मिळेल का?

दिवाळीच्या सुट्ट्या संपून कॉलेजं उघडली की तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानांवर एक ठरलेलं काम येतं. चार-पाच पोरंपोरी मिळून येतात, पेन ड्राइव्ह देतात आणि ‘स्टडी ऑफ ऑपरेटिंग सिस्टीम’ अशा नावाची चाळीस-पन्नास पानांची फाईल स्पायरल बाइंडिंग करून घेऊन जातात. कुणी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचं, कुणी बीसीएचं, कुणी पॉलिटेक्निकचं. गटात नावं पाच असतात, काम एकाने केलेलं असतं. त्या एकानेही ते नेटवरून उचललेलं असतं, हल्ली तर चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलं. सर सही करतात, मार्क पडतात, फाईल कपाटात जाते.

यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. भूगोलाच्या आणि कॉमर्सच्या प्रोजेक्टचंही तेच होतं. खरं आहे. पण ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय आता कॉम्प्युटरवाल्या पोरांपुरता राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा मोफत सपोर्ट बंद केला. २०१५ साली आलेली ही विंडोज आजही कितीतरी ग्रामपंचायतींत, शाळांत, सेवा केंद्रांत आणि विकास सोसायट्यांत चालू आहे. सातबारा काढायचा, उत्पन्नाचा दाखला काढायचा, पीकविमा भरायचा, ते सगळं याच मशिनवर होतं. गावात या संगणकांचं काय करायचं हे सांगणारं कुणी नाही. आणि ज्यांना हे शिकवलं जातंय ती पोरं दहा-पंधरा किलोमीटरवर बसून पुस्तकातल्या आकृत्या फायलीत चिकटवतायत.

आधी ही सिस्टीम म्हणजे काय ते बघू

कॅनॉलचं पाणी ज्यांच्या शेताला आहे त्यांना शेजपाळी समजावून सांगायला नको. पाणी एक, शेतकरी पन्नास. पाटकरी एकाचं दार उघडतो, वेळ झाली की बंद करून पुढच्याचं उघडतो. संगणकात आणि फोनमध्ये पाणी म्हणजे प्रोसेसर आणि शेतकरी म्हणजे व्हॉट्सॲप, यूट्यूब, कॅमेरा, फोन पे ही ॲपं. यातला पाटकरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. फोनमध्ये ॲण्ड्रॉइड, संगणकात विंडोज नाहीतर लिनक्स. फरक इतकाच की हा पाटकरी सेकंदाच्या हजारव्या भागाच्या हिशोबात दारं बदलतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं एकदमच चालू आहे.

टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार. तीच तक्रार संगणकात पण आहे. एखाद्या प्रोग्रॅमचा नंबरच लागत नाही, त्याला पुस्तकात चक्क ‘स्टार्व्हेशन’ म्हणजे उपासमार असं नाव आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर आल्या आणि दोघंही मागे घ्यायला तयार नाहीत, की दोघंही तिथेच. याला ‘डेडलॉक’ म्हणतात आणि परीक्षेत यावर प्रश्न ठरलेला. आता पाटकऱ्याच्या पोराने किंवा ट्रॉलीवाल्याच्या पोरीने हा धडा इंग्रजीत घोकायचा आणि उदाहरण परदेशातल्या पुस्तकातलं लिहायचं, याला काय म्हणावं?

सिस्टीमचं अजून एक काम म्हणजे बांध राखणं. प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीत आपापला तुकडा मिळतो, जणू गट नंबर. एकाने दुसऱ्याच्या वावरात शिरायचं नाही, हे ती बघते. हा बांध कुठे फुटू शकतो ते कंपनीला कळलं की ती दुरुस्ती पाठवते, त्यालाच आपण अपडेट म्हणतो. सपोर्ट बंद झाला म्हणजे ही दुरुस्ती बंद झाली. संगणक बंद पडत नाही, हे नीट लक्षात घ्या. काही दुकानदार ‘आता हा चालणारच नाही, नवा घ्या’ म्हणून सांगतात, तसं काही नाही. चालू राहतो, फक्त बांध फुटला तर दुरुस्त करायला कुणी येत नाही.

त्याने काय बिघडतं? मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. फायलींना कुलूप लावायचा आणि सोडवायला पैसे मागायचा. ज्या छिद्रातून तो शिरत होता त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पाठवली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांना तडाखा बसला. इंग्लंडची सरकारी रुग्णालयं त्यात सापडली, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही. गावच्या सेवा केंद्राच्या संगणकावर काय असतं याचा विचार करा. आधारच्या झेरॉक्स स्कॅन करून ठेवलेल्या, बँक पासबुकाची पहिली पानं, फोटो, सह्या, जमिनीची कागदं. बहुतेक वेळा डेस्कटॉपवरच, नावागावासकट.

नवा संगणक घ्यायचा तर

विंडोज ११ टाका, असा साधा सल्ला मिळतो. पण तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. प्रोसेसरही साधारण २०१८ च्या पुढचा. त्याआधीचे बरेच संगणक यात नापास होतात, मशीन धडधाकट असलं तरी. घरगुती वापरासाठी कंपनीने एक वर्षाची जादा सुरक्षा अपडेट देऊ केली आहेत, ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतात. संस्थांसाठी वेगळे पैसे भरून ही सोय आहे, पण दर वर्षाला रक्कम वाढते. ग्रामपंचायतीने ती कुठल्या हेडखाली टाकायची, हा ग्रामसेवकाला विचारण्याचा प्रश्न आहे.

आणि गावात संगणक वाढतायत. केंद्राने २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. सोसायटीचं कर्जखातं, हप्ते, शेअर्स, सगळं त्यावर. संगणक देताना फीत कापायला सगळे असतात, त्याची सिस्टीम कोणती आणि ती कधी जुनी होणार हे विचारायला कुणी नसतं.

दुसरा रस्ता लिनक्सचा. ही फुकट मिळते आणि जुन्या मशिनवरही हलकी चालते. केरळने शाळांमध्ये हे करून दाखवलंय. तिथे ‘आयटी ॲट स्कूल’ हा उपक्रम २००१ साली सुरू झाला आणि आता ‘काइट’ ही सरकारी संस्था तो बघते. त्यांनी शाळांसाठी स्वतःची लिनक्स तयार करून घेतली आणि ती लाखो संगणकांवर चालवली. लायसन्सचे पैसे वाचले ते वेगळंच, पण शिक्षकांना ती वापरायला शिकवलं, ही खरी मेहनत. आपल्याकडेही पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची लिनक्स २००७ पासून दिलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखाली तयार झालेल्या ‘भारओएस’ची केंद्रीय मंत्र्यांनी चाचणी घेतली, तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. तालुक्याच्या मोबाईल दुकानात जाऊन भारओएसचा फोन मागून बघा, दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं होईल.

लिनक्स टाकली की झालं, असंही नाही, आणि हे सांगायला पाहिजे. पंचायतीची जुनी मराठी पत्रं श्रीलिपी नाहीतर आयएसएमच्या फॉन्टमध्ये पडलेली असतात. तो फॉन्ट नसला की ठरावाच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. हिशोबाचं टॅली विंडोजसाठी बनलेलं. बोटाचा ठसा घेणारं यंत्र, त्याचं सॉफ्टवेअर, पंचायतीचा जुना प्रिंटर, यातलं काय चालेल आणि काय अडेल, हे प्रत्येक मशिनवर बसूनच कळतं. वेळ खाणारं आणि किचकट काम आहे, पैसा मात्र फार लागत नाही. पाच पोरांचा गट आणि चार महिने, नेमकं असं काम.

मग प्रोजेक्ट असा का होत नाही?

सगळं खापर पोरांवर फोडणं सोपं आहे. पण तालुक्याच्या कॉलेजांत हे कोर्स बहुतेक विनाअनुदानित चालतात. शिकवणारे सर-मॅडम तासिका तत्त्वावर, म्हणजे तासावर मोजून पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. एका मॅडमकडे दहा-बारा गट असतील तर त्या फाईल वाचणार कधी? लॅबमधले संगणकच जुने, त्यावर सिस्टीम बदलायची परवानगी नाही, कारण बिघडलं तर दुरुस्त कोण करणार. मग विषय असा निवडला जातो ज्यात कशालाच हात लावावा लागत नाही. विंडोज, लिनक्स आणि मॅक यांची तुलना, तीन रकाने, झालं.

तिकडे बापाने सोयाबीन विकून फी भरलेली असते. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि बाजारात हातात पडलं त्याहून कमी, हे सगळ्यांना माहीत आहे. तीन वर्षांनी पोरगं पुण्याला मुलाखतीला जातं. तिथे विचारतात, प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस? फाईल जाड असून उपयोग नसतो, तिथे दोन मिनिटांत पितळ उघडं पडतं. आणि मग गावाकडे चर्चा होते की कॉम्प्युटरच्या लाईनमध्ये आता काही राहिलं नाही.

खरं तर या विषयाचा इतिहासच विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमधून घडलेला आहे. १९८७ साली ॲण्ड्र्यू टॅननबॉम या प्राध्यापकांनी ‘मिनिक्स’ नावाची छोटी सिस्टीम केली, निव्वळ विद्यार्थ्यांना शिकवायला. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा लिनस टोर्वाल्ड्स तिच्यावर शिकत होता. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने जाहीर केलं की आपण हौस म्हणून एक सिस्टीम लिहितोय, फार मोठं काही नाही. तीच लिनक्स. आज ॲण्ड्रॉइडच्या पोटात तिचाच गाभा आहे. म्हणजे ही बातमी ज्या फोनवर वाचली जातेय, त्यातल्या बहुतेक फोनमध्ये त्या पोराने सुरू केलेलं काम चालू आहे. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली, म्हणजे तोही एका अर्थी गटप्रकल्पच.

शिकायची साधनं नाहीत, ही सबबही आता फार चालणारी नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीत बोलून रेकॉर्ड केलेले आहेत, फुकट. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी ‘एक्सव्ही६’ नावाची चिमुकली सिस्टीम केली, तिचा सगळा कोड उघडा आहे. आयआयटी मुंबईतही तिच्यावरच शिकवतात आणि तिथली लेक्चरं यूट्यूबवर आहेत. चालवायला महागडं मशीन लागत नाही. म्हणजे पवईत बसलेल्या पोराकडे जो धडा आहे तोच आपल्याकडच्या पोरापर्यंत पोचतो. फक्त त्याला तो बघायला सांगणारं कुणीतरी लागतं.

फोनचा प्रश्न तर घराघरात

संगणक सोडा, गावात खरी ऑपरेटिंग सिस्टीम आहे ती खिशात. ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. शेतकरी वावरात उभा राहून गट नंबर भरतो, पीक भरतो, फोटो काढायला कॅमेरा उघडतो आणि परत येतो तर ॲप पहिल्यापासून सुरू. तो सरकारला शिव्या देतो. बऱ्याचदा कारण वेगळं असतं. फोनची रॅम २-३ जीबी, कॅमेरा उघडला की जागा पुरत नाही, मग सिस्टीम मागचं ॲप गुपचूप बंद करून टाकते. पाटकऱ्याने एकाचं दार लावून दुसऱ्याला पाणी दिलं, तसंच. ॲप बनवणाऱ्याने भरलेली माहिती मध्येच साठवून ठेवायची सोय केली असेल तर वाचते, नाहीतर जाते. कोणत्या फोनवर, किती रॅमवर, कितीदा असं होतं, हे एका गटाने पाच गावांत फिरून मोजलं तर तो अस्सल अभ्यास होईल. कृषी सहायकापासून तहसीलदारापर्यंत कुणालाही दाखवता येईल, आणि पोरांना ‘मेमरी मॅनेजमेंट’ हा धडा जन्मात विसरायचा नाही.

दुसरा विषय जास्त गंभीर. पीएम किसानचा हप्ता, वाहनाचं चलन, लग्नाची पत्रिका अशा नावाने व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाईल येते. दाबली की खात्यातले पैसे जातात. ॲण्ड्रॉइडमध्ये बांध आहेत, अगदी पक्के आहेत. प्रत्येक ॲप वेगळ्या खोलीत ठेवलेलं असतं. बाहेरून आलेलं ॲप टाकताना फोन अडवतो, विचारतो. एसएमएस वाचायची परवानगी वेगळी मागतो. चोराला भिंत फोडायची गरजच पडत नाही, तो मालकाच्या हाताने कडी काढून घेतो. ‘अलाव’ वर बोट ठेवलं की ओटीपी त्याच्याकडे. काही बनावट ॲपं तर ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी मागतात. अंध-अपंगांच्या मदतीसाठी केलेली ही सोय चोराला मिळाली की तो तुमच्या स्क्रीनवर काय आहे ते वाचू शकतो, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतो.

पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करा हे सगळे सांगतात, आणि ते करायलाच पाहिजे, जितकं लवकर तितकं बरं. पण ‘अलाव’ दाबल्यावर आत नेमकं काय झालं, हे गावच्या भाषेत समजावणारा व्हिडिओ पाच मिनिटांचा कुणी करावा? ज्यांना परमिशन आणि प्रोसेस हे धडे शिकवले जातात, त्यांनीच. असली फाईल खऱ्या फोनवर उघडायची नाही, संगणकावर नकली फोन उभा करून त्यात तपासायची, हेसुद्धा त्यांना शिकायला मिळेल.

एक धोका मात्र आहे. प्रोजेक्टच्या नावाखाली दुसऱ्याच्या मशिनमध्ये बोटं घालायची नाहीत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच केलं. लिनक्समध्ये येणारे बदल तपासणारे लोक किती सावध आहेत हे बघायला त्यांनी मुद्दाम दोष असलेले बदल पाठवले, कुणाला न सांगता. एप्रिल २०२१ मध्ये लिनक्सचं काम बघणाऱ्यांनी अख्ख्या विद्यापीठाचे बदल घेणं बंद केलं. संशोधकांना जाहीर माफी मागावी लागली, शोधनिबंध मागे घ्यावा लागला. गावातही तेच. सेवा केंद्राच्या संगणकावर बसायचं तर चालकाची लेखी परवानगी, आधी सगळ्या फायलींची कॉपी दुसऱ्या डिस्कवर, आणि लोकांच्या आधारचे फोटो पोरांच्या मोबाईलमध्ये जाता कामा नयेत. लिनक्स तर पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते, आतल्या विंडोजला धक्का न लावता. सुरुवात तिथूनच व्हावी.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना आता स्वतंत्र क्रेडिट आहेत. म्हणजे पोरांनी कॉलेजबाहेर जाऊन काम करायची सोय कागदावर झालेली आहे. त्यात बऱ्याच ठिकाणी झाडं लावल्याचे आणि ग्रामस्वच्छतेचे फोटो चिकटवले जातात. झाडं लावावीत, पण कॉम्प्युटरच्या पोरांनी पंचायतीतला संगणक तपासला तर कुणाचं बिघडेल? प्राचार्यांनी एक पत्र ग्रामपंचायतीला द्यायचं, सरपंचांनी मासिक सभेत एक ठराव घ्यायचा, एवढंच लागतं. गटातल्या पाचही जणांना वेगवेगळं गाव दिलं तर एकाने काम आणि चौघांनी नाव, हा प्रकारही आपोआप थांबतो. तोंडी परीक्षेला प्रत्येकाला आपल्या गावच्या मशिनबद्दल विचारायचं.

पुढच्या वर्षाचे गट जून-जुलैनंतर पडतील. विंडोज १० ची घरगुती जादा अपडेट संपायला तेव्हा तीन-साडेतीन महिनेच उरलेले असतील. तोवर ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टीम आणि मग अबाउट दाबलं तर कोणती विंडोज आहे ते दिसतं. फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, आणि तिथे ॲण्ड्रॉइड व्हर्जनखाली सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवायचं का, हे घरात बसून ठरवलेलं बरं.